जुन्या स्वेटशर्टाची गोधडी-बंडी

(इयत्ता सहावी व सातवी. विषय : कार्यानुभव. अपेक्षित तासिका : बारा)



कार्यानुभवाच्या तासिकेस काय घ्यावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांस दरवर्षी पडतो. रंगीत कागदाची फुले होतात, काड्यांची घरकुले होतात, प्रदर्शनाच्या दिवशी ती टेबलावर मांडली जातात आणि आठ दिवसांनी केरात जातात. मुलांचे हात चालले एवढे समाधान त्यातून मिळते; परंतु केलेली वस्तू कोणाच्या उपयोगी पडली, असे विचारले तर उत्तर देणे कठीण जाते. प्रस्तुत पाठात अशी एक वस्तू सुचविली आहे की, जिची गरज थंडीच्या दिवसांत वर्गात प्रत्यक्ष बसलेली असते. जुना झालेला स्वेटशर्ट आणि घरोघरच्या चिंध्या यांपासून गोधडीच्या टाक्यांची बिनबाह्यांची बंडी कशी तयार करावी, हा या पाठाचा विषय होय.

हाताने काम करून शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभव हा सर्व शिक्षणाचा भाग असावा अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काढावेत असे सुचविले आहे. शब्द बदलले, तरी मागणी एकच आहे. मुलाच्या हातून खरी वस्तू घडावी आणि ती घडताना त्याची बुद्धीही कामास लागावी. गोधडीचा टाका या दोन्ही अटी पुऱ्या करतो.

पाठाची प्रस्तावना

पाठाचा आरंभ कात्रीने न करता प्रश्नांनी करावा. 'तुमच्या घरी गोधडी आहे काय? ती कोणी शिवली? तिच्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत?' एवढे तीन प्रश्न विचारले की वर्ग बोलका होतो. गोधडीतील हा तुकडा आत्याच्या लग्नातल्या साडीचा, तो आजोबांच्या धोतराचा, अशी माहिती मुले उत्साहाने देतात. मग फळ्यावर एका नऊवारी लुगड्याचे आयुष्य लिहावे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. लुगडे वापरून मध्यभागी विरले की जुन्या बायका विरलेला भाग कापून टाकीत आणि उरलेले दोन भाग जोडून दांड घालीत. दांडाचे लुगडे आणखी काही काळ चाले. नंतर त्याची बाळाची दुपटी व कुंच्या होत. पुढे ते गोधडीत जाई आणि गोधडीही झिजली म्हणजे शेवटी पोतेरे होई. एक वस्त्र किती वेळा उपयोगी पडले, हे मुलांनी स्वतः मोजावे.

येथेच संत गाडगे महाराजांचा उल्लेख करावा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेला हा लोकशिक्षक आयुष्यभर चिंध्यांची वस्त्रे अंगावर वागवीत असे. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि कीर्तनातून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या या पुरुषाच्या अंगावरील ठिगळांनी त्यांचा मान कधी उणा झाला नाही. ठिगळ ही लाजेची बाब नाही, हे मुलांच्या मनावर बिंबविण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे अवघड आहे.

स्वेटशर्टच का घ्यावा?

आठवडे बाजारात आणि घरोघरी जुने स्वेटशर्ट आता सहज मिळतात. कोपरावर फाटलेला, मनगटाची पट्टी सैल झालेला किंवा साखळी तुटलेला स्वेटशर्ट बहुधा टाकूनच दिला जातो. परंतु त्याचे पाठीचे व छातीचे कापड बरेचदा शाबूत असते. हे कापड होजिअरीचे, म्हणजे फासांनी विणलेले असते आणि आतल्या बाजूस त्याला मऊ लव असते. गोधडीत जे काम मधल्या जुन्या साड्यांच्या थरांचे, तेच काम येथे स्वेटशर्ट करतो. निराळे अस्तर नको की कापूस नको. वर सुती तुकडे बसवून धावदोरा घातला म्हणजे बंडी तयार होते.

होजिअरीच्या कापडाचा एक गुण येथे दोष ठरतो, तो मुलांस प्रथमच दाखवावा. असे कापड ताणले की लांबते. तुकड्यांचे विणकाम मात्र ताण्याबाण्याचे असल्याने ते लांबत नाही. ताणणाऱ्या कापडावर न ताणणारे कापड शिवले की दोन्ही मिळून ताणत नाहीत. म्हणून मुलाच्या नेमक्या मापाचा स्वेटशर्ट घेतला, तर तयार बंडी त्याच्या अंगात शिरणार नाही. मोठ्या माणसाचा जुना स्वेटशर्ट मुलासाठी घ्यावा, असे जे आपण सांगतो त्याचे कारण हे आहे.

साहित्य व पूर्वतयारी

एका बंडीस एक सैल स्वेटशर्ट, सुमारे एक चौरस मीटर भरतील इतक्या सुती चिंध्या, पट्ट्यांसाठी जुन्या चादरीचा तुकडा, पक्का सुती दोरा, मध्यम लांबीच्या सुया, अंगुस्तान, टाचण्या, खडू, टेप व दोन धारदार कात्र्या एवढे साहित्य लागते. शिलाईयंत्र असल्यास उत्तमच. परंतु पाठ हाताच्या टाक्यांवर योजिलेला आहे.

सर्व कपडे आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. यात स्वच्छतेइतकेच दुसरेही कारण आहे. जे कापड आटावयाचे ते शिवण्यापूर्वीच आटलेले बरे. नाहीतर पहिल्या धुण्यातच तुकडे चुरगळून येतात. गडद रंगाच्या चिंधीवर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडक्यास रंग लागला तर ती चिंधी बाजूस ठेवावी.

चिंध्या निवडताना त्या सुती आहेत की कृत्रिम धाग्याच्या, याची परीक्षा शिक्षकांनी स्वतः करून दाखवावी. चिमट्यात धरलेला बारीक धागा ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन जळतो व त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गुठळी होते. वितळणारे कापड अंगाला चिकटून भाजते. थंडीच्या दिवसांत आपली मुले चुलीपुढे व शेकोटीजवळ बसतात, हे लक्षात घेऊन वरचे तुकडे सुतीच घ्यावेत. स्वेटशर्टात कृत्रिम धागा असतोच असे समजून, बंडी घालून शेकोटीला फार जवळ बसू नये, अशी सूचनाही मुलांना द्यावी. सुतीही पेट घेतेच.

सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. तासिका संपण्यापूर्वी संख्या फळ्यावर लिहावी. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत वर्ग उठवू नये.

माप व हिशेब

या पाठातील गणित हे जोडलेले गणित नव्हे. ते चुकले तर बंडी चुकते, म्हणून मुले ते मनापासून करतात. पुढील उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे.

मुलाची छाती ७० सेंटिमीटर आहे. स्वेटशर्ट जमिनीवर सपाट पसरला असता काखेखाली त्याची रुंदी ४८ सेंटिमीटर भरते, म्हणजे पूर्ण घेर ९६ सेंटिमीटर. दोन्ही कुशींच्या शिवणीत चार कडांचे एकेक सेंटिमीटर जाईल, उरले ९२. धावदोरा घातल्यावर कापड थोडे आत ओढले जाते, त्यासाठी आणखी ४ सेंटिमीटर धरावेत, उरले ८८. म्हणजे शर्टावरून घालण्यास १८ सेंटिमीटरची मोकळीक राहिली. यावरून मुलांनी स्वतः नियम काढावा : स्वेटशर्टाचा घेर मुलाच्या छातीपेक्षा निदान २५ सेंटिमीटर अधिक असावा.

आता तुकडे. प्रत्येक तुकडा ९ सेंटिमीटर बाजूचा चौरस कापावयाचा. चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर शिवणीत जाऊन वर ७ सेंटिमीटर दिसतो. मुले हमखास ७ सेंटिमीटरचा चौरस कापतात आणि शिवल्यावर तो ५ सेंटिमीटरचा होतो. एकदा कागदाचे दोन चौरस करून ही गोष्ट दाखवावी. पाठीची रुंदी ४८ व खालची पट्टी काढल्यानंतरची लांबी ५२ सेंटिमीटर आहे. ४८ ला ७ ने भागले असता सातपेक्षा थोडे कमी, म्हणून सात ओळी; ५२ ला ७ ने भागले असता सातपेक्षा थोडे अधिक, म्हणून प्रत्येक ओळीत आठ तुकडे. पाठीस ५६ तुकडे लागले. पुढील भागाची प्रत्येक बाजू २४ सेंटिमीटर रुंद, म्हणून चार ओळी व ३२ तुकडे. दोन्ही बाजूंस ६४. एकूण १२० तुकडे झाले. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाच्या वाट्यास तीन तुकडे येतात. वर्ग लहान असेल तर वाटणी मुलांनीच करावी.

सातवीच्या मुलांस पुढे न्यावे. १२० तुकड्यांस ९७२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस मीटरला थोडे कमी कापड लागले. वर दिसते ते ५८८० चौरस सेंटिमीटर. शंभरातील सुमारे चाळीस भाग शिवणीत गेले. तेच तुकडे १६ सेंटिमीटरचे कापले तर शंभरातील सुमारे तेवीस भागच जातील. तुकडा जितका लहान तितका शिवणीतील भाग मोठा, हा नियम मुले आपण होऊन सांगतात. मग त्यांना विचारावे की, आपली आजी गोधडीत सारखे चौरस का लावीत नाही? चिंधी जशी मिळेल तशी, लहान-मोठी, ती खालच्या कापडावर ठेवून कड दुमडून टाकते, आणि कडेकडेने टाके घालीत आत जाते. तिच्या या रीतीत कापड फारसे वाया जात नाही. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही तिने हा हिशेब केव्हाच केलेला आहे.

कृती

पहिली पायरी : उसवणे. स्वेटशर्टाच्या बाह्या, गळ्याची व खालची घट्ट विणीची पट्टी उसवून काढावी. टोपी किंवा साखळी असल्यास तीही काढावी. पुढच्या भागाच्या बरोबर मध्यावर खडूने उभी रेघ आखावी आणि ती कापण्यापूर्वीच तिच्या दोन्ही बाजूंस अर्धा सेंटिमीटर अंतरावर धावदोरा घालावा. मग दोहोंच्या मधून कापावे. असे न केल्यास होजिअरीची कड ताणून नागमोडी होते. नंतर दोन्ही कुशी व खांदे उसवावेत. पाठ, डावी पुढची बाजू व उजवी पुढची बाजू असे तीन सपाट भाग मिळतात. गळा व मुंढे यांच्या कडांनाही लगेच धावदोरा घालावा. वर्गाचे तीन गट करून प्रत्येकास एकेक भाग द्यावा.

दुसरी पायरी : तुकडे कापणे. पुठ्ठ्याचा ९ सेंटिमीटरचा चौरस करून त्याच्या कडेने खडू फिरवावा. चौरसाची एक बाजू कापडाच्या उभ्या धाग्याशी समांतर असावी. धागा तिरपा गेला तर तुकडा ओढला जातो व शेजाऱ्यालाही ओढतो.

तिसरी पायरी : रंगांची मांडणी. तुकडे जमिनीवर मांडून पाहावेत. गडदाशेजारी फिका, फुलांच्या कापडाशेजारी साधा, एवढेच सांगावे आणि पुढे मुलांना करू द्यावे. मांडणी कशी असावी यावर मुले भांडतील. ते भांडण पाठाचा भाग समजावे.

चौथी पायरी : ओळी जोडणे. दोन तुकडे सुलट बाजू आत येईल असे समोरासमोर ठेवून कडेपासून एक सेंटिमीटरवर टीप घालावी. येथे धावदोरा पुरत नाही. एक टाका पुढे घ्यावा आणि सुई पुन्हा मागच्या टाक्याच्या टोकाशी उतरवावी, म्हणजे शिवण पक्की होते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याचा गुंता होतो व वेळ जातो. आठ तुकड्यांची एक अशा ओळी तयार झाल्यावर शिवणी नखाने चेपून सपाट कराव्यात.

पाचवी पायरी : ओळी बसविणे. पाठीच्या भागावर कण्याची मध्यरेषा खडूने आखावी. स्वेटशर्टाची लव असलेली बाजू खाली राहील असे पाहावे. पहिली ओळ सुलट ठेवून तिचा मध्य या रेषेवर आणावा व टाचण्या लावाव्यात. दुसरी ओळ पहिलीवर पालथी ठेवावी, दोघींच्या उजव्या कडा जुळवाव्यात आणि दोन्ही ओळी व खालचा स्वेटशर्ट यांतून एकत्र टीप घालावी. मग दुसरी ओळ उजवीकडे उलटून सुलट करावी. याप्रमाणे उजवीकडे तीन व डावीकडे तीन ओळी बसवाव्यात. पुढच्या दोन्ही भागांवर मधल्या उघड्या कडेपासून आरंभ करून कुशीकडे जावे. ओळी बसवून झाल्यावर बाहेर आलेले तुकडे स्वेटशर्टाच्या कडेबरोबर कापून घ्यावेत.

सहावी पायरी : गोधडीचा धावदोरा. प्रत्येक ओळीच्या मध्यातून वरून खालपर्यंत धावदोरा घालावा. टाका सुमारे अर्धा सेंटिमीटर व मधली मोकळी जागाही तेवढीच ठेवावी. ५२ सेंटिमीटरच्या एका रेषेत सुमारे बावन्न टाके बसतात. दोरा फार ओढू नये. ओढला तर चुण्या पडतात, सैल सोडला तर तो खिळ्यात अडकून तुटतो. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजीस या तासिकेला सन्मानाने बोलवावे व खुर्ची द्यावी. मुलांनी विचारावे, 'आजी, तुम्ही टाका इतका जवळ का घेता?' तिचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. अक्षर न गिरविलेल्या हाताकडून शाळेने धडा घ्यावा, हे दृश्य मुलांच्या दीर्घकाळ स्मरणात राहते.

सातवी पायरी : जोडणी. आधी खांदे, मग कुशी, एक सेंटिमीटर शिवण सोडून पक्क्या टिपेने जोडाव्यात. आतल्या बाजूस उघड्या राहिलेल्या कडांवर सुती पट्टी ठेवून हातशिलाई करावी, म्हणजे त्या अंगास टोचत नाहीत.

आठवी पायरी : कडा. खालचा घेर व पुढच्या दोन उभ्या कडा यांना ५ सेंटिमीटर रुंदीची सरळ पट्टी चालते. गळा व मुंढे वळणदार असल्यामुळे त्यांना उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या कर्णरेषेत कापलेली पट्टी लागते. सरळ पट्टी वळणावर उभी राहते, उरेब पट्टी वळणाबरोबर वळते. ४० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारे ५६ सेंटिमीटर भरतो, म्हणून मुंढ्याची ४६ सेंटिमीटरची पट्टी त्यातून अखंड निघते. हे मुलांनी पट्टीने मोजून पाहावे. पट्टीची सुलट बाजू बंडीच्या सुलट बाजूवर ठेवून टीप घालावी, पट्टी कडेवरून आत वळवावी, टोक दुमडावे व हातशिलाईने बसवावे.

नववी पायरी : बंद व खिसा. साखळी किंवा बटणांऐवजी बंदांच्या चार जोड्या लावाव्यात. आपल्या पूर्वजांच्या बाराबंदीस बंदच असत. बंद तुटला तर मुलगा स्वतः दुसरा लावू शकतो. तुटलेल्या साखळीसाठी मात्र बाजार गाठावा लागतो. बंद १५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावेत, म्हणजे ते शेकोटीकडे लोंबणार नाहीत. काढलेल्या बाह्यांच्या शाबूत भागातून दोन खिसे निघतात. ऊब हातांनाही हवी असते.

ऊब कोठून येते?

बंडी तयार झाली की विज्ञानाची एक तासिका घ्यावी. दोन सारखे पेले घेऊन त्यांत सारख्याच मापाचे कोमट पाणी ओतावे व झाकण ठेवावे. एका पेल्याभोवती सुती कापडाचा एकेरी तुकडा व दुसऱ्याभोवती बंडी गुंडाळावी. दर पाच मिनिटांनी तापमापीने तापमान पाहून अर्ध्या तासाचा तक्ता करावा आणि आलेख काढावा. मग विचारावे, 'बंडीने पाणी तापविले काय?' पुष्कळ मुले प्रथम होय म्हणतात. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते थरांमध्ये व लवेमध्ये हवा कोंडून धरते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे आतील उष्णता बाहेर जाण्यास वेळ लागतो. हे कळले की धावदोरा दाट, पण घट्ट नसावा असे आजी का सांगते, याचा उलगडा मुलांस होतो. थर एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून टाका हवा. पण तो आवळला तर हवेची जागाच जाते.

मुलगे व मुली

सुईदोरा हे मुलींचे काम, असे कोणी म्हणाल्यास त्यास बाजारातील शिंप्याच्या दुकानाकडे बोट दाखवावे. यंत्रावर बसलेला तो गृहस्थ पुरुषच असतो. मुलगे व मुली यांचे गट मिश्र ठेवावेत, कामे पाळीपाळीने बदलावीत आणि केर सर्वांनी काढावा.

मूल्यमापन

टाक्यांच्या सुबकतेवर सगळे गुण ठेवू नयेत. माप स्वतः घेतले काय, चुकलेली शिवण न कुरकुरता उसवली काय, दुसऱ्याच्या तुकड्याशी आपला तुकडा जुळवून घेतला काय आणि आपल्या घरच्या चिंधीची हकीकत पाच ओळींत लिहिली काय, या चार गोष्टींची नोंद घ्यावी. उसवण्याची तयारी हा या कामातील सर्वांत मोठा गुण आहे.

बंडी कोणास द्यावी?

या प्रश्नाचा विचार आरंभीच केलेला असावा, कारण सगळ्या पाठाचे सार्थक यावर अवलंबून आहे. घाटमाथ्यावरील एका शाळेत काही वर्षांपूर्वी मी तपासणीस गेलो असता एक मुलगा पातळ शर्टात कुडकुडत बसलेला दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की, त्याला पंधरा दिवसांपूर्वीच नवा कोरा स्वेटर मिळाला होता. सर्व शाळेसमोर त्याचे नाव पुकारून, 'गरजू विद्यार्थी' म्हणून त्याला उभे करून, छायाचित्र काढून तो देण्यात आला होता. त्या दिवसानंतर मुलाने तो अंगात घातला नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, स्वेटरही चांगला होता. परंतु तो अंगात घालणे म्हणजे सर्वांसमोर पुन्हा एकदा उभे राहणे, असे त्या मुलास वाटले. त्याला ऊब मिळाली नाही याचे कारण कापडात नव्हते.

म्हणून बंडी कोणा एकाची करू नये. ती वर्गाची असावी. खुंटीवर टांगलेली असावी आणि ज्याला सकाळी थंडी वाजेल त्याने ती न विचारता घालावी. आज सरपंचांचा मुलगा घालील, उद्या ऊसतोडणीस गेलेल्या आईबापांची मुलगी घालील. तिच्यात सर्वांच्या घरची चिंधी आहे व सर्वांचा टाका आहे. त्यामुळे ती घेताना कोणीही कोणाचा उपकार घेत नाही. एका थंडीत वर्गाच्या तीन-चार बंड्या झाल्या तर उत्तमच. वर्षअखेर त्या धुऊन, उसवलेले टाके दुरुस्त करून पुढील वर्गाच्या हवाली कराव्यात. चाळीस मुलांनी तीन-तीन तुकडे दिले असता थंडी वाजणारे एक मूल उबदार होते, हे गणित पाठ्यपुस्तकात छापलेले नसते.

शिक्षकांनी आपल्या घरचीही एक चिंधी या बंडीत घालावी, ही विनंती. मुले ती शोधून काढतात, तिच्यावर बोट ठेवतात आणि 'ही आमच्या बाईंची', 'ही गुरुजींची' असे एकमेकांस सांगतात.

स्वाध्याय

१. घरातील एका गोधडीत किती वस्त्रांचे तुकडे आहेत ते मोजा व त्यांपैकी तीन वस्त्रांची हकीकत वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.

२. तुमच्या छातीचे माप घ्या. तुमच्या बंडीसाठी स्वेटशर्टाचा घेर निदान किती असावा ते काढा.

३. वर १० सेंटिमीटर दिसावेत असा चौरस तुकडा हवा असल्यास तो किती सेंटिमीटर बाजूचा कापावा? अशा ५० तुकड्यांस किती कापड लागेल?

४. गळ्याला सरळ पट्टी लावली तर काय होईल? कागदावर करून पाहा.

५. फाटलेले एक वस्त्र टाकून देण्यापूर्वी त्याचे आणखी कोणते दोन उपयोग होतील ते सांगा.